रात्रीचा मुक्काम : खानदेशच्या रस्त्यावरचा एक न लिहिलेला इतिहास

अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्याचा इतिहास आपण पाण्याच्या आणि देवळाच्या अंगाने लिहिला. महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, पुण्याची पर्वती ही नावे आपल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. ते रास्तच आहे. पण माणूस दिवसा तहानेने व्याकूळ होतो, तसा रात्री थकव्याने होतो. परगावी गेलेल्याला अंधार पडल्यावर पाठ टेकायला जागा लागते. ही जागा कोणाला मिळत होती, कोणाला नाकारली जात होती, आणि ज्याला नाकारली जात होती तो रात्र कोठे काढीत होता, हा प्रश्न आपल्या इतिहासलेखनात जवळजवळ आलेलाच नाही.

ज्या ठरावाच्या आधाराने महाडचा सत्याग्रह उभा राहिला तो ठराव पुन्हा एकदा काढून वाचावा. सीताराम केशव बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात जो ठराव मंजूर करून घेतला, त्यात सार्वजनिक पाणवठे व विहिरी यांच्याच ओळीत सार्वजनिक पैशातून बांधलेल्या धर्मशाळाही आहेत. शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने त्यानंतर येतात. म्हणजे पाण्याचा हक्क आणि मुक्कामाचा हक्क एकाच कागदावर, एकाच दिवशी मान्य झाले होते. पाण्याच्या हक्कासाठी चार वर्षांनी हजारो माणसे महाडला चालत गेली. धर्मशाळेचे कलम मात्र कागदावरच झोपून राहिले.

असे का झाले? पाणी रोज लागते आणि गावातच लागते, हे एक कारण खरे. पण त्याहून खोल कारण असे की अस्पृश्य माणूस हा प्रवासी असू शकतो, ही कल्पनाच व्यवस्थेला मान्य नव्हती. रस्त्यावर तो दिसे. पण दुसऱ्याचे ओझे डोक्यावर घेऊन. रस्ता राखण्याचे काम त्याचे होते, त्या रस्त्याने स्वतःच्या कामासाठी जाणे हे त्याचे काम नव्हते.

खानदेशापुरते बोलायचे तर हा मुलूखच वाटांचा. धुळ्याला मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना छेदतात. राष्ट्रीय महामार्ग तीन आणि सहा ही त्यांची नावे पिढ्यान्‌पिढ्या ट्रकवाल्यांच्या तोंडी होती. २०१० साली क्रमांक बदलले, रस्ते तेच राहिले. सुरतेकडून येणारा रस्ता पुढे जळगाव-भुसावळ करीत वऱ्हाडात उतरतो. तापीचे हे खोरे पश्चिम किनाऱ्यावरची बंदरे आणि देशाचा अंतर्भाग यांना जोडणारी पट्टी आहे, आणि म्हणून येथे मुक्कामाच्या जागांचा इतिहासही जुना आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या ठिकाणी आपण चौसोपी निवारे व धर्मशाळा बांधल्या, आणि ज्या नद्यांवर नावेने फुकट उतार ठेवला त्यांत तापीही आहे, असे तो सांगतो. त्याच लेखात ब्राह्मणांना दिलेल्या गाईंची आणि गावांची जंत्री आहे, तेव्हा उषवदाताला समतेचा पुरस्कर्ता ठरविण्याची घाई कोणी करू नये. पण ते लेणे त्याने दिले ते चारी दिशांच्या भिक्षुसंघाला. 'चारी दिशांचा' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. कोणत्या दिशेने आलास एवढाही प्रश्न तेथे दारात विचारला जाणार नव्हता. चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळ्याच्या कड्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथे पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे दान कोरलेले आहे. घाटातून वर-खाली करणारा व्यापार आणि घाटातच पावसाळा काढणारा भिक्षू यांचा हा शेजार होता. त्या विहारांच्या खोल्यांतले दगडी ओटे हे या प्रदेशातले मुक्कामाचे सर्वांत जुने अंथरूण म्हणायला हरकत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला मनुस्मृतीचा दहावा अध्याय आहे. चांडाळ आणि श्वपच यांची वस्ती गावाबाहेर असावी, एवढे आपण नेहमी उद्धृत करतो. त्याच ठिकाणी आणखी एक आज्ञा आहे आणि तिच्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही: या लोकांनी रात्री गावांत आणि नगरांत फिरू नये. दिवसा कामासाठी यावे, अंगावर ओळखीची खूण बाळगावी. रात्र मात्र त्यांची नाही. आता ज्याला रात्री गावात पाऊल टाकण्याचीच बंदी, त्याच्यासाठी गावातल्या धर्मशाळेचा दरवाजा कोण उघडणार?

आणि तरीही गावाची रात्र राखीत कोण होते? वेशीवर येसकर महारच होता. आल्यागेल्याची नोंद त्याच्या डोळ्यांत असे. सरकारी कामगार गावात आला की त्याच्या घोड्याला वैरण, चुलीला लाकूड, तंबूला खुंट्या महाराने आणायच्या. त्याचे बाडबिस्तरे पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत महाराने वाहायचे, तेथून दुसऱ्या गावच्या महाराने. वाट चुकलेल्याला वाट दाखवायची, टपाल पोचवायचे, तिजोरी तालुक्याला न्यायची. हे सारे वतनाच्या नावाखाली, बलुत्याच्या भाकरीवर. या वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणले. ती वतने प्रत्यक्षात रद्द झाली १९५८ च्या कायद्याने. म्हणजे महाराष्ट्रातील प्रत्येक मुक्काम शतकानुशतके महाराच्या श्रमावर उभा होता. त्या मुक्कामात त्याला जागा होती ती बाहेर, घोड्यांपाशी.

*

या पार्श्वभूमीवर बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आत्मकथन वाचावे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. नावच प्रवासाच्या भाषेतले आहे, आणि त्यातले बाबासाहेबांच्या स्वतःच्या आयुष्यातले चारही मोठे प्रसंग प्रवासातले आहेत. हा योगायोग नव्हे. गावात माणसाला आपली जागा ठाऊक असते, तो अपमान टाळून चालायला शिकतो. प्रवासात तो अनोळखी मुलखात जातो आणि दर कोसावर त्याला नव्याने विचारले जाते: तू कोण?

पहिला प्रसंग १९०१ चा. बाबासाहेब, त्यांचा भाऊ आणि भाचे, सगळी पोरेच, साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाली. मसूर स्टेशनावर न्यायला कोणी आले नाही. महाराची पोरे म्हणून बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी एक तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि अटीवर: गाडी पोरांनी हाकायची, तो बाजूने चालेल. रात्री ती गाडी एका टोलनाक्यापाशी सुटली. जवळ खायला होते, प्यायला पाणी नव्हते. गाडीवानाने शिकविल्याप्रमाणे पोरांनी आपण मुसलमान असल्याचे सांगितले, तरी नाकेवाल्याने पाणी दिले नाही. पोरांनी ती रात्र उपाशीच काढली.

दुसरा प्रसंग १९१७ चा, बडोद्याचा. परदेशी पदव्या घेऊन आलेल्या संस्थानच्या अधिकाऱ्याला हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती, म्हणून पारशी पथिकाश्रमाच्या वहीत खोटे पारशी नाव लिहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात आली. तो प्रसंग सर्वांना माहीत आहे, येथे लांबवीत नाही.

तिसरा प्रसंग आपल्या खानदेशचा. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब आणि त्यांचे एक सहकारी यांच्याकडे खानदेशचे दोन जिल्हे आले होते. काम आटोपून ते मुंबईला निघाले आणि वाटेत चाळीसगावला उतरले. धुळे फाट्यावरच्या एका गावी अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता, त्याची माहिती घ्यायची होती. चाळीसगावच्या महारांनी स्टेशनावर येऊन विनंती केली की एक रात्र आमच्याकडे राहा. बाबासाहेबांचा बेत सरळ मुंबईला जाण्याचा होता. लोकांचा आग्रह पाहून त्यांनी मुक्काम कबूल केला. मग ते धुळे गाडीने त्या गावी गेले, चौकशी केली, आणि पुढच्या गाडीने चाळीसगावला परतले.

येथे एक गोष्ट नोंदवून ठेवू. चाळीसगाव-धुळे हा आगगाडीचा फाटा १९०० साली सुरू झाला. त्या गाडीत चढताना जात सांगावी लागत नव्हती. तिकिटाचे पैसे मोजले की झाले. बाबासाहेब त्या गाडीने जाऊन आले आणि त्या प्रवासाबद्दल त्यांनी गाऱ्हाण्याचा एक शब्द लिहिलेला नाही. गाऱ्हाणे सुरू होते ते स्टेशनाच्या फाटकाबाहेर. महारवाडा तेथून दोनेक मैलांवर, नदीपलीकडे. स्टेशनाबाहेर टांगे उभे होते. हार घातले गेले, पण कोणी हलेना. तासभर गेला. मग एक टांगा आला, बाबासाहेब बसले, लोक जवळच्या वाटेने पायी पुढे गेले. दोनशे पावले गेली नाहीत तोच मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरची फरशी आली. तिला कठडे नव्हते, अंतराअंतराने नुसते दगड रोवलेले. वळणावर घोडा बुजला, चाक दगडावर आदळले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि टांगा घोड्यासकट नदीत पडला. शुद्ध हरपली, पाय मोडला. पलीकडच्या तीरावर वाट पाहत असलेल्या लोकांनी रडत-ओरडत त्यांना उचलून वाड्यात नेले.

मागाहून उलगडा झाला. अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते. बॅरिस्टराने पायी यावे हे महारांना कमीपणाचे वाटत होते. तेव्हा तोड निघाली: मालक टांगा भाड्याने देईल, हाकणार नाही. हाकणारा महारांनी आपल्यातला आणावा. तो धंदा त्यांच्यातल्या कोणाचाच नव्हता.

१९०१ आणि १९२९ हे दोन करार शेजारी ठेवून पाहा. अठ्ठावीस वर्षांत एक शाळकरी पोर जगातल्या नामांकित विद्यापीठांच्या पदव्या घेऊन आला, बॅरिस्टर झाला, कौन्सिलचा सभासद झाला. सातारा जिल्ह्यातला गाडीवान आणि खानदेशातला टांगेवाला यांचा करार मात्र शब्दशः तोच राहिला: गाडी मिळेल, गाडीवान मिळणार नाही. पैशाला विटाळ नाही, लाकडाच्या चाकाला नाही, जनावरालाही नाही. विटाळ आहे तो एका माणसाने दुसऱ्याची सेवा करण्याला. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांची सेवा केली त्याची सेवा कोणी करायची नाही, हा सगळ्या व्यवहाराचा गाभा. धर्मशाळा, खाणावळ, टांगा, न्हाव्याचे दुकान यांच्यात अस्पृश्यता इतकी चिवट का राहिली, याचे उत्तर मला येथे सापडते. हे सगळे धंदे आल्या गिऱ्हाइकाची सेवा करण्याचे आहेत.

बाबासाहेबांनी चाळीसगावच्या लोकांना या प्रसंगात सोडलेले नाही. माझा मान राखण्याच्या नादात त्यांनी माझा जीव धोक्यात घातला, असेच त्यांचे म्हणणे आहे, आणि ते खरे आहे. तरी इतिहास लिहिणाऱ्याने दुसरी बाजूही पाहावी. ते लोक स्वतः पायी गेले. स्वतःसाठी त्यांनी टांगा मागितला नाही, कधी मागितलाही नसेल. आपल्या माणसाला एक रात्र आपल्या घरी ठेवता यावे, आणि त्याने तेथे गाडीत बसून यावे, एवढीच त्यांची हौस होती. या हौसेची किंमत त्यांच्याकडून कोणी वसूल केली, हा प्रश्न टांगेवाल्याला विचारायचा आहे.

*

चौथा प्रसंग १९३४ चा. चळवळीतले तीसएक सहकारी आणि बाबासाहेब नाशिकहून येवल्यामार्गे बस आणि मोटारी भाड्याने घेऊन वेरूळची लेणी पाहायला निघाले. आजच्या भाषेत हौसेची सहल. पण या सहलीचा बेत पाहा. वाटेवर आपण कोण हे कळू द्यायचे नाही असे ठरले होते. जेथे जेथे थांबायचे तेथल्या फक्त आपल्या माणसांना आगाऊ निरोप. म्हणून निजामाच्या मुलखातल्या अनेक गावांवरून मोटारी गेल्या तरी कोणी भेटायला आले नाही. दौलताबादला मात्र लोकांना कळविले होते, ते वेशीवर वाट पाहत होते. त्याच गावी किल्ल्याच्या हौदावर हातपाय धुतल्याबद्दल मुसलमान जमाव अंगावर आला. लपविलेली ओळख बाहेर पडली की काय होते, ते त्या मंडळींना तेथे कळले.

'थांबायचे तेथे आपल्या माणसांना निरोप' ही पद्धत एका सहलीपुरती नव्हती. चळवळीचा कार्यकर्ता, जलसेवाला, बोर्डिंगसाठी वर्गणी गोळा करणारा, सगळ्यांचा मुक्काम वस्तीतच असे. या गावी अमक्याच्या ओट्यावर उतरायचे, त्या स्टेशनावर रेल्वेत लागलेल्या तमक्याच्या खोलीत. हा नकाशा छापलेला नव्हता. तो तोंडोतोंडी चाले आणि माणूस गेला की पुसला जाई.

अमेरिकेत असाच नकाशा छापला गेला. दौलताबादच्या प्रसंगानंतर दोनच वर्षांनी, १९३६ साली, न्यूयॉर्कच्या हार्लेममधील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या निग्रो पोस्टमनने मोटारीने फिरणाऱ्या आपल्या बांधवांसाठी एक मार्गदर्शक काढला. 'ग्रीन बुक' हे त्याचे नाव पडले. कोणत्या गावात कोणते हॉटेल, कोणते खासगी घर, कोणता पेट्रोलपंप आपल्याला दारात उभे करतो, याची ती यादी. ती १९६६ पर्यंत निघत राहिली. असे पुस्तक काढण्याची गरज उरू नये, अशी इच्छा ग्रीनने त्यातच लिहून ठेवली होती.

मोटार आणि हॉटेल यांच्या जोडणीतून 'मोटेल' हा शब्द कॅलिफोर्नियात १९२५ साली घडला. खोलीच्या दारापर्यंत मोटार न्यायची, रात्र काढायची, सकाळी निघायचे. त्या जुन्या मोटेलांचे रंगीत दिवे, चमत्कारिक आकाराच्या खोल्या, वेड्यावाकड्या पाट्या पाहायला लोक आता मुद्दाम त्या रस्त्यांनी सहली काढतात. काढोत बापडे. पण त्या पाट्यांखाली एक न लिहिलेली पाटी होती आणि काळ्या माणसाला ती लांबूनच वाचता येत होती. आपल्याकडे दलित पँथरने १९७२ साली आपले नाव त्याच देशातून उचलले. मोटेलचा हा इतिहास मात्र आपल्या वाचनात फारसा आला नाही.

तेथला निर्णायक खटलाही एका मोटेलचाच. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने जागा नाकारण्यास बंदी झाल्यावर अटलांटा शहरातल्या २१६ खोल्यांच्या 'हार्ट ऑफ अटलांटा' मोटेलच्या मालकाने कायद्यालाच आव्हान दिले. त्याच वर्षी डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने ते फेटाळले. निकालाचा आधार होता आंतरराज्य व्यापार. या मोटेलात उतरणारे तीन-चतुर्थांश लोक परराज्यातले. तेव्हा काळ्या प्रवाशाला जागा नाकारणे म्हणजे राज्याराज्यांतल्या व्यापाराला अडथळा, असा तर्क. माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न व्यापाराच्या दाराने आत आणावा लागला. आपली घटना या बाबतीत अधिक सरळ आहे. १९५० पासून अमलात असलेल्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे, आणि तो समतेच्या हक्काचा भाग म्हणून आहे. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात तर धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना हे तीनही शब्द आहेत. बोल्यांच्या ठरावातली धर्मशाळा बत्तीस वर्षांनी शिक्षेच्या कलमात आली.

मधल्या काळात दोन वाटा निघाल्या होत्या. एक गाडगे महाराजांची. पंढरपूरला अस्पृश्य वारकऱ्यांना छप्पर मिळेना म्हणून त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. वेगळी धर्मशाळा म्हणजे वेगळेपणाला मान्यता, असा आक्षेप घेता येईल. पण पावसात भिजणाऱ्याला तो आक्षेप सुचत नाही. पुढे महाराजांनी ती वास्तू बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली.

दुसरी वाट सरकारी बंगल्याची. १९३७ च्या जुलैअखेरीस न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले असताना बाबासाहेबांचा मुक्काम लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात झाला. मुंबई-आग्रा रस्त्यावर, धुळ्याच्या दक्षिणेला, फारुकी राजांच्या किल्ल्याच्या अंगाला हे कुरण आहे. आठ वर्षांपूर्वी याच मुलखात त्यांना टांगेवाला मिळाला नव्हता. आता ते मुंबई असेंब्लीत निवडून आलेले पक्षनेते होते. साहेबांच्या दौऱ्यांसाठी बांधलेल्या बंगल्यांची दारे हुद्द्याला उघडत, जातीला नव्हे. पण हुद्दा नसलेल्याला ती कोणत्याच जातीत उघडत नसत. तेव्हा लळिंगचा मुक्काम म्हणजे अस्पृश्य प्रवाशाला खानदेशात जागा मिळाली असे मानता येत नाही. एका माणसाला मिळाली.

लोकांनी मात्र त्या मुक्कामाचा अर्थ आपल्यापुरता मोठा केला. दरवर्षी ३१ जुलैला, भर पावसाळ्यात, त्या कुरणात माणसे जमतात. धुळे शहरातला जुना ट्रॅव्हलर्स बंगलाही त्याच आठवणीसाठी जपला जातो. मेम्फिसच्या लोरेन मोटेलचे असेच झाले. काळ्या प्रवाशांना हक्काने उतरता येणाऱ्या मोजक्या जागांपैकी ते एक. मार्टिन ल्यूथर किंग तेथे ३०६ क्रमांकाच्या खोलीत उतरले होते आणि ४ एप्रिल १९६८ ला तिच्या सज्जात त्यांना गोळी लागली. १९९१ साली तेथे नागरी हक्कांचे संग्रहालय उघडले. जेथे एक रात्र निवारा मिळाला ती जागाही तीर्थ होते, हे दोन्हीकडच्या लोकांनी कोणी शिकविल्याशिवाय ठरविले.

स्वातंत्र्यानंतर बरेच काही एस.टी.ने बदलले. १९४८ साली पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली, आणि मग गावोगाव स्टँड झाले. शेवटची गाडी चुकली तर स्टँडच्या बाकावर कोणीही रात्र काढू लागले. तेथे वही नव्हती. वही होती ती लॉजवर. नाव, गाव, येण्याचे कारण. त्या वहीत नावापेक्षा आडनाव मोठे असते. ते वाचून मालकाची नजर एकदा वर येते, आणि खोली शिल्लक आहे की नाही हे त्या नजरेत ठरते. कायद्यात मुसाफिरखाना आहे. 'खोली शिल्लक नाही' या उत्तराला पकडील असे कलम लिहिणे अवघड आहे. आता वहीऐवजी ओळखपत्राची प्रत मागतात. आडनाव त्यावरही असते.

जळगाव-धुळ्याच्या शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांनी हाती घ्यावे असे एक काम येथे पडून आहे. चाळीसगाव, पाचोरा, अमळनेर, भुसावळ, धुळे, शिरपूर या वस्त्यांतून चळवळीची माणसे कोणाच्या ओट्यावर उतरत, कोणत्या बाईने रात्री उशिरा चूल पुन्हा पेटविली, अंथरूण कोणाकडून मागून आणले, हे सांगणारी म्हातारी माणसे फार थोडी उरली आहेत. पुढाऱ्यांच्या भाषणांच्या तारखा आपल्याकडे आहेत. यजमानांची नावे नाहीत. चाळीसगावला ज्याने घाबरत का होईना त्या टांग्याचा लगाम हाती घेतला, त्याचे नाव बाबासाहेबांनी लिहिलेले नाही. टांग्याच्या मालकाचेही नाही.